पित्त उठलं म्हणतात ते, आणि खरं पित्त

कोल्हापुरात जुलैचा पाऊस लागला की दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. अशाच दिवसांत राजारामपुरीतल्या माझ्या मावसबहिणीचा रात्री फोन आला. पहिलटकरीण, आठवा संपत आलेला. "ताई, पोट नुसतं खाजतंय गं. डोळ्याला डोळा नाही." घरात सगळ्यांचं एकच, पित्त उठलंय. सासूबाईंनी आमसुलं भिजवून त्याचं पाणीही लावलं होतं.

सकाळी जाऊन पोट बघितलं. त्वचा ताणून जे जांभळट पट्टे पडतात, नेमक्या त्यांच्यावरच बारीक लाल पुळ्या, काही ठिकाणी एकमेकींत मिसळून चट्टे झालेले. बेंबीभोवती मात्र बोटभर जागा स्वच्छ! बेंबी सोडून उठणारं हे पुरळ डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीचं आहे. साधारण १६० ते २०० गर्भवतींत एकीला ते होतं, बहुतेक पहिल्या खेपेला, शेवटच्या तिमाहीत. पोटात जुळं असेल तर जास्तच. खाज जीव नकोसा करते, पण बाळाला त्याचा धोका नसतो आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांत ते आपोआप जातं.

तोवर आराम कसा मिळवायचा? गार पाण्यात पिळलेलं सुती फडकं पोटावर ठेवा. गारवा ओळखणारे मज्जातंतू जागे झाले की खाजेचा निरोप मेंदूपर्यंत दबक्या आवाजात पोहोचतो. खाजवूनही बरं वाटतं, कारण वेदना खाजेला दाबते, पण त्वचा सोलवटून खाज दुप्पट होते. कडकडीत पाण्यानं अंघोळ नको, कोमट घ्या. अंग टिपून ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा. कॅलामाइन चालतं. कपडे सैल, सुती आणि पूर्ण वाळलेलेच हवेत, नाहीतर जांघेत नायटा धरतो. एवढ्यानं भागलं नाही तर डॉक्टर सौम्य स्टेरॉइड मलम किंवा खाजेची गोळी देतात. मेडिकलमधून स्वतःच्या मनानं स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक एकत्र असलेली ट्यूब मात्र आणू नका. गरोदरपणात तीव्र स्टेरॉइड मलम भरपूर वापरलं, तर बाळाचं वजन कमी भरण्याशी त्याचा संबंध दिसला आहे.

आता मला खरी काळजी वाटते ती गोष्ट. आपण ज्याला पित्त उठणं म्हणतो, त्यात यकृतातल्या पित्ताचा काही संबंध नसतो. खऱ्या पित्ताच्या खाजेत अंगावर पुरळच नसतं, असलेच तर नखांचे ओरखडे. गरोदरपणातल्या संप्रेरकांमुळे काही जणींच्या यकृतातून पित्ताचा प्रवाह मंदावतो आणि पित्ताम्लं रक्तात साचतात. मग तळहात-तळपाय खाजू लागतात, रात्री जास्त. बाई गार फरशीवर पाय घासत बसते. कधी लघवी गडद होते. दिसायला काहीच नसल्यामुळे घरात कोणी मनावर घेत नाही, आणि इथेच घात होतो. रक्तातली पित्ताम्लं लिटरला १०० मायक्रोमोलपर्यंत गेली, तर बाळ पोटातच दगावण्याचा धोका वाढतो. म्हणून अशी खाज सुरू झाली की एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवायचं, पित्ताम्लं आणि यकृताची रक्ततपासणी करायची. बाळाची हालचाल कमी वाटली तर त्याच क्षणी निघायचं.

बेंबीपासूनच पुरळ सुरू झालं किंवा फोड आले, तर तो वेगळा, क्वचित होणारा आजार असू शकतो. तिथेही घरगुती उपाय करत बसू नये.

बहिणीला मी पहिल्यांदा तेच विचारलं होतं, तळपाय खाजतात का? नाही म्हणाली. तरी डॉक्टरांनी रक्त तपासलं, ते ठीक निघालं. मात्र पहिला रिपोर्ट चांगला आला आणि खाज थांबली नाही, तर तपासणी पुन्हा करावी लागते, कारण कधी कधी खाज आधी येते आणि रक्तातलं पित्त मागाहून वाढतं.