स्कूबा डायव्हिंगमधील हवेचे नियोजन

सिलिंडरमधील हवा किती उरली, ती किती वेळ पुरेल आणि वर यायला कधी निघायचे, याचा पाणबुड्याने बुडीभर ठेवायचा हिशेब. हे सिलिंडर सर्रास ‘ऑक्सिजनचे’ म्हटले जाते. नेहमीच्या बुडीत त्यात गाळून, दाबून भरलेली साधी हवा असते. शुद्ध ऑक्सिजन साधारण ६ मीटरच्या खाली विषारी ठरू शकतो.

समुद्रात दर १० मीटरला दाब सुमारे एका वातावरणाने (पृष्ठभागावरच्या हवेच्या दाबाइतका) वाढतो आणि रेग्युलेटर, म्हणजे तोंडाशी हवा पुरवणारी झडप, भोवतालच्या दाबाइतक्या दाबाचीच हवा देतो. म्हणून २० मीटरवरच्या एका श्वासाला पृष्ठभागावरच्या तिप्पट हवा लागते. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार (एक बार म्हणजे जवळपास एक वातावरण) दाबाने सुमारे २,४०० लिटर हवा मावते. त्यातले ५० बार, म्हणजे ६०० लिटर, शिल्लक ठेवून वर पोहोचायचे असा प्रघात आहे. मिनिटाला २० लिटर घेणाऱ्याला उरलेले १,८०० लिटर पृष्ठभागावर दीड तास पुरतील. २० मीटरवर अर्धा तास, ३० मीटरवर जेमतेम २२ मिनिटे. सावकाश वर येणे आणि ५ मीटरवरचा ३ मिनिटांचा थांबाही याच हवेत बसवायचा. गेज (सिलिंडरचा दाबमापक) दाब दाखवतो, मिनिटे नाही. नवखे इथेच फसतात. मालवण-तारकर्लीला पर्यटकांना घडवतात त्या उथळ बुडीत हे ओझे प्रशिक्षकाच्या डोक्यावर असते.

धास्ती, उगाच मारलेले हातपाय आणि कमरेला बांधलेले जादा वजन यांनी हवा भराभर संपते. श्वास रोखून ती वाचवायला जाणे मात्र भलतेच: कार्बन डायऑक्साइड साचून डोके दुखते, आणि रोखलेल्या श्वासाने वर आल्यास फुप्फुस फाटू शकते. जोडीत ज्याची हवा आधी कमी होते, त्याच्या गेजवर दोघांनी परतायचे. गुहेत सरळ वर येता येत नाही. तिथे एक तृतीयांश हवा जायला, एक यायला आणि एक अडचणीसाठी राखतात.

फ्रेंच नौदल अधिकारी कूस्तो आणि अभियंता गान्यां यांनी १९४३ मध्ये ॲक्वालंग हे स्कूबाचे उपकरण घडवले. त्यानंतरही कित्येक वर्षे अनेकजण गेजविनाच उतरत. थोडी हवा अडवून ठेवणाऱ्या सिलिंडरच्या राखीव व्हॉल्व्हमुळे श्वास जड होऊ लागला की दांडी ओढायची आणि उरलेल्या हवेवर वर यायचे. दांडी वाटेत कशाला अडकून आधीच ओढली गेली असेल, तर राखीव हवा उरलेली नाही हे ओढल्यावरच कळे.