ओतलेलं पाणी आणि बोलणारे हात

दोन सारखे पेले, एक उंच अरुंद पेला आणि थोडं पाणी. लहान मुलांना आठवडाभर घरीच, हातांनी करून शिकवायचं ठरवलं असेल तर पहिल्या दिवसासाठी एवढं साहित्य मला पुरेसं वाटतं. दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी घ्यायचं. ते सारखं आहे हे मुलाला पटलं, की एका पेल्यातलं पाणी त्यालाच उंच पेल्यात ओतू द्यायचं. मग विचारायचं, आता कशात जास्त आहे?

चार-पाच वर्षांचं मूल बहुतेक वेळा उंच पेल्याकडे बोट दाखवतं. पाणी त्यानंच ओतलेलं असतं, थेंबही सांडलेला नसतो, तरीही. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे (१८९६–१९८०) यांनी याचा बारकाईनं अभ्यास केला. या वयात मुलाचं लक्ष एकाच गोष्टीवर खिळतं, असं त्यांचं म्हणणं. पाणी वर चढलेलं दिसतं, पण पेला अरुंद आहे ही दुसरी बाब त्याच वेळी हिशेबात येत नाही. साधारण सातव्या वर्षाच्या आसपास मूल आपणहून म्हणू लागतं, ‘परत ओतलं तर तेवढंच होईल की!’

इथे मोठ्यांना राहवत नाही. ‘अरे, नीट बघ, सारखंच आहे ना?’ असं आपण म्हणतो, मूल मान डोलावतं आणि आपल्याला वाटतं की धडा झाला. त्या मान डोलावण्यातून मुलाला काय कळलं याचा काहीच पत्ता लागत नाही. आपण प्रश्न कसा विचारतो यावर उत्तर किती अवलंबून असतं, हे १९७४ मध्ये जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन या मानसशास्त्रज्ञांच्या एका प्रयोगातून दिसलं. त्यांनी मुलांसमोर सोंगट्यांच्या दोन सारख्या ओळी मांडल्या आणि कोणत्या ओळीत जास्त आहेत ते विचारलं. मोठ्या माणसानं एक ओळ मुद्दाम पसरवली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा बहुतेक मुलं चुकली. पण एका खोडकर टेडी अस्वलानं मध्येच येऊन ओळ विस्कटली, तेव्हा कितीतरी जास्त मुलांनी ‘सारख्याच आहेत’ असं बरोबर सांगितलं. पियाजेंच्या प्रयोगातही मुलं निव्वळ समोरच्या वस्तू बघत नव्हती, विचारणाऱ्यालाही बघत होती, असा याचा अर्थ लावला गेला. मोठ्या माणसानं काहीतरी बदललं आणि पुन्हा तेच विचारलं, म्हणजे उत्तरही बदललं असणार, हा मुलाचा तर्क तसा चुकीचा नाही. म्हणून ओतून झाल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारण्याऐवजी ‘काय झालं, सांग बरं?’ एवढंच म्हणावं आणि थांबावं.

ते सांगत असताना मुलाचे हात बघा. ब्रेकिनरिज चर्च आणि सुझन गोल्डिन-मेडो या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये याच प्रकारच्या प्रश्नांची उत्तरं देणाऱ्या मुलांचे हातवारे तपासले. काही मुलं तोंडानं फक्त उंचीबद्दल बोलत होती, पण त्यांचे हात रुंदीही दाखवत होते. शब्द एक सांगत होते, हात दुसरंच. अशा मुलांना त्याच सुमारास शिकवलं, तर ती इतरांपेक्षा जास्त शिकली. हातांनी शिकण्याविषयी मला माहीत असलेली ही सर्वांत सुंदर गोष्ट आहे. मुलाच्या हातांना कळू लागलेलं असतं, बोलण्यात ते अजून उतरलेलं नसतं, आणि नेमक्या त्याच वेळी आपण समोर बसलेलो असतो.

आठवड्याच्या सुरुवातीलाच काचेच्या बरणीत ओला कागद लावून, काच आणि कागद यांच्यामध्ये घेवड्याचं बी ठेवावं. अशा दोन बरण्या हव्यात. काही दिवसांत आधी मूळ बाहेर येतं. ते बोटाच्या पेराएवढं झालं की एक बरणी आडवी करायची. पण त्याआधी, आता मूळ कुठे जाईल ते मुलाला कागदावर काढायला सांगायचं. एखाद्या दिवसात मुळाचं टोक पुन्हा खाली वळतं, दुसऱ्या बरणीतलं सरळच राहतं. मुळाच्या टोकावरच्या टोपीतल्या पेशींमध्ये स्टार्चचे जड कण असतात. ते खालच्या बाजूला जमतात आणि त्यावरून मुळाला ‘खाली’ कळतं. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ थॉमस अँड्रू नाइट यांनी १८०६ मध्ये पाण्याच्या जोरावर वेगानं फिरणाऱ्या उभ्या चाकावर बिया लावल्या. मुळं चाकाच्या बाहेरच्या दिशेला वाढली आणि कोंब केंद्राकडे. फिरण्यामुळे बाहेरच्या दिशेनं पडणारा जोर मुळांनी ‘खाली’ म्हणून मानला होता! हे आपल्या मोठ्यांच्या माहितीसाठी. मुलानं आपलं चित्र आणि समोरचं मूळ शेजारी धरून बघितलं, तरी खूप झालं.

सावलीचा खेळ सोपा आहे. ऊन असेल तेव्हा एक काठी रोवून तासातासानं सावलीच्या टोकाला खूण करायची. मातीचा गोळा पाण्यात बुडतो आणि त्याच गोळ्याची पसरट होडी तरंगते, हेही करून बघावं. होडी आपल्या वजनाएवढं पाणी बाजूला सारते, गोळ्याला तेवढं सारता येत नाही. पाण्याच्या टबाजवळून मात्र क्षणभरही उठू नका, कारण उथळ पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. बियाही नाकात-तोंडात जाण्यासारख्या असतात, तेव्हा अगदी लहानांच्या हाती त्या देऊ नका.

रोज नवा प्रयोग शोधत बसण्यापेक्षा हेच दोन-तीन खेळ दिवसाआड पुन्हा करावेत, असं माझं ठाम मत आहे. सलग घोकण्यापेक्षा वेगवेगळ्या दिवशी विभागून केलेली उजळणी जास्त टिकते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाऊस यांनी १८८५ मध्येच नोंदवलं होतं. मुलांनाही पुन्हापुन्हा ओतायला आवडतं. कंटाळा येतो तो आपल्याला.

घरात वेगवेगळ्या वयाची मुलं असतील, तर अंदाज एकेकाला वेगळं बसवून विचारा आणि मुलाच्याच शब्दांत, चुकीचा असला तरी तसाच, लिहून ठेवा. ताईनं आधी सांगून टाकलं की धाकटा तेच म्हणतो आणि त्याच्या मनात काय होतं ते कळतच नाही.