शेफ, चीफ आणि कॅप्टन: इंग्रजीतल्या लॅटिनची पार्श्वभूमी

रोमन फौजा इसवी सन 43 मध्ये ब्रिटनवर चालून गेल्या आणि 410 च्या सुमारास तिथली रोमन सत्ता आटोपली. इंग्रजीत लॅटिन शिरली ती याच काळात, असं अनेकांना वाटतं. पण त्या साडेतीन शतकांत ब्रिटनमध्ये इंग्रजी नव्हतीच. ती ज्यांच्या बोलींतून घडली ते अँगल आणि सॅक्सन लोक तिथे स्थिरावले पाचव्या शतकाच्या मध्यापासून. मात्र त्याआधी युरोपच्या मुख्य भूमीवर राहत असताना रोमनांशी त्यांचा व्यापारही होता आणि लढायाही. त्या व्यवहारातले शब्द त्यांनी येताना बरोबर आणले: वाइन, वॉल, स्ट्रीट, चीज, पाउंड. माइल म्हणजे मुळात रोमन सैन्याची हजार पावलं. हे शब्द इंग्रजीत असे मुरले आहेत की त्यांचं परकेपण कुणाला जाणवत नाही.

597 मध्ये ऑगस्टीन हा धर्मप्रसारक इंग्लंडमधल्या केंटमध्ये ख्रिस्ती धर्म घेऊन आला. त्यानंतर चर्चच्या वापरातल्या लॅटिनमधून कँडल, ऑल्टर (वेदी) असे शब्द रुळले. संख्येने ते फार नव्हेत.

खरा पूर आला तो 1066 मध्ये उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर. नॉर्मन राज्यकर्त्यांची भाषा फ्रेंच, आणि फ्रेंच ही लॅटिनचीच लेक. त्यामुळे एकच लॅटिन शब्द कधी फ्रेंचमधून झिजून, तर कधी ग्रंथांतून जवळपास जसाच्या तसा, असा इंग्रजीत दोनदा येऊ लागला. फ्रेल आणि फ्रॅजाइल, रॉयल आणि रीगल, लॉयल आणि लीगल, पुअर आणि पॉपर या अशाच जोड्या.

याचा सर्वांत रंजक नमुना म्हणजे ‘कापुत’, अर्थात डोकं. त्यावरून लॅटिनमध्ये ‘मुख्य मालमत्ता’ या अर्थाचा शब्द तयार झाला. उत्तर फ्रान्सच्या, म्हणजे नॉर्मन लोकांच्या बोलीत सुरुवातीचा ‘क’ टिकला, त्यातून कॅटल आलं. मध्य फ्रान्सच्या बोलीत ‘क’चा ‘च’ झाला, त्यातून कायद्याच्या भाषेतलं चॅटल, म्हणजे जंगम मालमत्ता. आणि विद्वानांच्या लॅटिनकडून आलं कॅपिटल. गुरंढोरं आणि भांडवल ही सख्खी भावंडं निघाली! चीफ आणि शेफ यांच्यात तर फरक फक्त आगमनाच्या वेळेचा. चीफ मध्ययुगात आला, तेव्हा फ्रेंच लोक ‘च’ म्हणत. पुढे त्यांचा ‘च’ बदलून ‘श’ झाला. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी तोच शब्द पुन्हा उचलला तो मुदपाकखान्याच्या प्रमुखासाठी, आणि नव्या उच्चारासकट. कॅप्टनही याच डोक्याचा वारस.

सोळाव्या शतकात लेखकांनी लॅटिनमधून इतके शब्द उपसले की ‘दौतीतले शब्द’ अशी त्यांची हेटाळणी होऊ लागली. केंब्रिजचे विद्वान जॉन चीक यांनी 1557 मधल्या एका पत्रात इंग्रजी स्वच्छ आणि ‘प्युअर’ राखण्याचा आग्रह धरला. बायबलच्या भाषांतरात त्यांनी सेंच्युरियन, म्हणजे शंभर सैनिकांवरचा रोमन अधिकारी, याऐवजी ‘हंड्रेडर’ आणि ल्युनॅटिक, म्हणजे वेडा (लॅटिन ‘लुना’ म्हणजे चंद्र), याऐवजी ‘मून्ड’ लिहिलं. दोन्ही टिकले नाहीत. टिकला तो प्युअर, आणि तो लॅटिन कुळातलाच आहे.

याच लॅटिनप्रेमाने स्पेलिंगची वाट लावली. कर्ज या अर्थाचा डेट आणि शंका या अर्थाचा डाउट हे फ्रेंचमधून ‘बी’शिवाय आले होते. मूळ लॅटिन शब्दांत ‘बी’ आहे म्हणून तो मागाहून घातला गेला. उच्चारात तो कधीच उतरला नाही. रिसीटमधल्या ‘पी’ची कथा हीच. आयलंडवर तर निव्वळ अन्याय झाला: तो अस्सल जर्मानिक, म्हणजे इंग्रजीच्या स्वतःच्या कुळातला शब्द, पण बेट या अर्थाच्या लॅटिन ‘इन्सुला’शी नातं आहे अशा गैरसमजातून त्यात ‘एस’ घुसला.

लॅटिन मुळांभोवती दंतकथाही बऱ्याच आहेत. सॅलरीचं मूळ मिठाशी जोडलेलं आहे हे खरं, पण सैनिकांना पगार म्हणून मीठ मोजून दिलं जाई याला त्या काळातला ठोस पुरावा नाही. सिन्सिअर म्हणजे ‘मेणाविना’, ही गोष्टही भाषाशास्त्रज्ञ मानत नाहीत. याउलट कॅन्डिडेटची गोष्ट रचलेली वाटली तरी खरी आहे: रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा माणूस खडूने शुभ्र केलेला झगा घालून फिरे, आणि ‘कँडिडुस’ म्हणजे शुभ्र.

विज्ञानाने हा झरा पुढेही वाहता ठेवला. इंग्रज डॉक्टर एडवर्ड जेन्नर यांनी 1798 मध्ये गोस्तन देवीवर, म्हणजे गाईंना होणाऱ्या देवीसारख्या रोगावर लिहिताना वापरलेल्या लॅटिन नावात गाय या अर्थाचा ‘वाक्का’ होता, त्यावरून व्हॅक्सिन हा शब्द आला.

आणि मग बस. 1820 च्या दशकात फ्रान्समध्ये घोडे जुंपलेल्या सार्वजनिक गाड्यांना ‘ऑम्निबस’, म्हणजे ‘सर्वांसाठी’, असं नाव पडलं. 1829 मध्ये तशी गाडी लंडनमध्ये सुरू झाली. ‘ऑम्नि’ हे मूळ, ‘बस’ हा नुसता चतुर्थीचा प्रत्यय. लोकांनी मूळ टाकून दिलं आणि प्रत्यय ठेवला. विजेच्या पॅनेलमधला बसबार आणि कॉम्प्युटरमधली डेटा बस हे त्याच प्रत्ययाचे वंशज.