अ‍ॅप्टी, कोडिंग, टेक्निकल, एचआर: खान्देशी पोरांपुढची ही रांग लागली कशी?

२९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हाशम प्रेमजी यांची ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी स्थापन झाली. कारखाना बोरी नदीकाठच्या अमळनेरात. धंदा वनस्पती तुपाचा, जोडीला कपडे धुण्याचा साबण. १९६६ साली प्रेमजी अचानक वारले आणि त्यांचे एकवीस वर्षांचे चिरंजीव अझीम स्टॅनफर्डचं शिक्षण अर्धवट सोडून परत आले. १९७८ मध्ये आयबीएमने भारतातला गाशा गुंडाळला. संगणकाच्या बाजारात जी पोकळी झाली तिच्यात शिरणाऱ्यांमध्ये ही अमळनेरची तुपाची कंपनीही होती. तिला आज आपण विप्रो म्हणून ओळखतो.

म्हणजे देशातल्या मोठ्या आयटी कंपन्यांपैकी एकीचं मूळ खान्देशात आहे. कंपनीचे जुने शेअर जपून ठेवलेली घरं अमळनेरात आहेत. सॉफ्टवेअरचं काम मात्र इथे कधी आलं नाही. ते बंगळुरात वाढलं, पुढे पुणे-हैदराबादेत पसरलं. १९९१ मध्ये केंद्र सरकारची सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क योजना आली. सॅटेलाइटने परदेशाशी जोडलेल्या जागा आणि करसवलती जिथे मिळाल्या, तिथे कंपन्या गेल्या. त्यामुळे चोपडा, शिरपूर, पाचोरा किंवा नवापूरकडचं पोर फायनल इयरला पोचलं की सुमारे ४०० किलोमीटरवरच्या पुण्याकडे बघतं. तिथे आयटीतल्या नोकरीसाठी त्याच्यापुढे भरतीच्या चार पायऱ्या असतात: अ‍ॅप्टिट्यूड, कोडिंग (प्रोग्रॅम लिहून दाखवणं), टेक्निकल (विषयाची मुलाखत), एचआर (बोलणं-वागणं बघणारी मुलाखत).

ही रांग कुणी एकाने विचार करून आखलेली नाही. प्रत्येक पायरी वेगळ्या काळात, वेगळ्या अडचणीवर उपाय म्हणून आली आणि एकीवर एक साचत गेली. मुलांना हे कुणी सांगत नाही. त्यांना ती एकसंध परीक्षा वाटते आणि पहिल्याच फेरीत नाव कटलं की ‘आपल्याला कोडिंग जमत नाही’ असं ठरवून मोकळी होतात. हे मला फार लागतं, कारण पहिल्या फेरीत बहुतेक वेळा कोडिंग तपासलेलंच नसतं.

त्या फेरीचं मूळ १९५५ सालचं आहे. संगणक नवे होते, प्रोग्रॅमर नावाचा पेशाच नव्हता, तेव्हा अनुभव बघून माणूस निवडण्याची सोय नव्हती. आयबीएमने ‘प्रोग्रॅमर अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट’ काढली. तिच्यात तीन गोष्टी होत्या: अंकमालिका पुढे न्या, आकृत्यांतलं साम्य ओळखा, शाब्दिक गणितं सोडवा. आजचा कुठलाही कॅम्पस पेपर उघडा, हाच साचा दिसेल, फक्त इंग्रजीचा एक विभाग वाढलाय. त्या टेस्टचे मार्क आणि पुढे माणसाचं प्रत्यक्ष काम यांचा संबंध फारसा घट्ट नाही, हे साठच्या दशकातच अभ्यासकांनी दाखवून दिलं होतं. तरी टेस्ट राहिली. हजारो अर्ज एका दिवसात चाळायला तिच्याइतकं स्वस्त दुसरं काही नव्हतं.

खान्देशात हे अर्ज करणारे तयार झाले ते १९८३ नंतर. वसंतदादा पाटलांच्या सरकारने त्या वर्षी विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि जळगावजवळ बांभोरीला गिरणाकाठी कॉलेज उभं राहिलं. तोवर इंजिनीअर व्हायचं तर पुणे, मुंबई, नाहीतर कराड-सांगलीकडे जावं लागे, आणि शेतकरी घराला ते सहजी परवडत नसे. तेव्हा इथली कॉलेजं पुणे विद्यापीठाखाली होती. १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. १९९६ मध्ये जळगावचं शासकीय अभियांत्रिकी, २००१ मध्ये शिरपूरचं आर. सी. पटेल. पुढे बरीच कॉलेजं लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडली गेली.

सुरुवातीच्या त्या मुलांना सॉफ्टवेअरचं फारसं आकर्षण नव्हतं. भुसावळची रेल्वे, वरणगाव-भुसावळच्या आयुध निर्माणी, वीज मंडळ, दीपनगरचं औष्णिक केंद्र, या ‘पर्मनंट’ जागा. हे चित्र पालटलं ते वायटूकेने. वर्षासाठी दोनच आकडे वापरणारे जुने प्रोग्रॅम २००० साल उजाडताच गोंधळणार होते. ते दुरुस्त करायला हजारो हात हवे होते आणि ते भारताने पुरवले. कंपन्यांना तेव्हा निष्णात प्रोग्रॅमर नव्हे, शिकवता येईल असा पदवीधर हवा होता. त्यामुळे मेकॅनिकल-सिव्हिलची मुलंही आयटीत गेली. बी.एस्सी. झालेल्यांना नोकरी करता करता बिट्स पिलानीचं पुढचं शिक्षण देणारी विप्रोची योजना १९९५ पासूनची.

इतक्या मोठ्या भरतीबरोबर एक चाळणी आली, तिने आपल्याकडच्या मुलांचं सगळ्यात जास्त नुकसान केलं असं माझं मत आहे. दहावी, बारावी आणि डिग्री, तिन्हींत ६० टक्के, म्हणजे ‘थ्रू-आउट फर्स्ट क्लास’. चालू बॅकलॉग (न सुटलेला विषय) नको, शिक्षणात गॅप नको. कंपनीच्या बाजूने हिशेब सरळ होता: एक्सेलमध्ये फिल्टर लावला की अर्जांची संख्या झटक्यात उतरते. पण ज्या मुलाच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्सला वर्षभर शिक्षक नव्हता, ज्याने बारावी कापूस वेचणीच्या हंगामात अर्धी बुडवली आणि ५८ टक्के काढले, त्याने पुढे इंजिनीअरिंगला कितीही चांगले गुण आणले तरी ते दोन टक्के त्याला परत मिळत नाहीत. चार वर्षांपूर्वीचा निकाल त्याच्या आधी मुलाखतीला पोचलेला असतो. अलीकडे काही कंपन्यांनी ही अट सैल केली, काहींनी काढली. फॉर्म भरायच्या आधी ती नीट वाचावी.

टेक्निकल फेरीचं वळण दोन ठिकाणांहून आलं. एक आपलं देशी: ‘सी’च्या पुस्तकातली आउटपुट ओळखा छापाची कोडी. एकाच ओळीत आय प्लस प्लस आणि प्लस प्लस आय यांची बेरीज देऊन उत्तर विचारायचं. कॅम्पस पेपरांत हा प्रश्न वर्षानुवर्षं आला, पण सी भाषेच्या प्रमाणानुसार त्याला ठरलेलं उत्तरच नाही; कंपायलर (कोड यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम) बदलला की आकडा बदलू शकतो. दुसरं वळण अमेरिकेतलं. मायक्रोसॉफ्टमध्ये नव्वदच्या दशकात ‘मॅनहोलचं झाकण गोल का असतं’ असली कोडी विचारत, आणि त्यांची लागण जगभर झाली. २५ घोडे, एका वेळी पाचच धावणार, पहिले तीन शोधायला किमान किती शर्यती? (सात.) हा प्रश्न आपल्याकडच्या मुलांनाही विचारला जातो. गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लास्झलो बॉक यांनी २०१३ मध्येच जाहीर सांगितलं की अशा कोड्यांतून काहीच कळत नाही, तो वेळेचा अपव्यय आहे.

कोड्यांच्या जागी डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदम आले, मुलांच्या भाषेत डीएसए. ठरलेला प्रश्न घ्या: लिंक्ड लिस्ट उलटी कर. लिंक्ड लिस्ट म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या घरांची, नोडांची, यादी. प्रत्येक नोडकडे एक किंमत आणि पुढच्या नोडचा पत्ता. उलटी करायची म्हणजे पत्ते मागे वळवायचे. पण चालू नोडचा पत्ता वळवला त्या क्षणी पुढची सगळी यादी हातातून सुटते. म्हणून आधी पुढच्याचा पत्ता वेगळ्या व्हेरिएबलमध्ये धरून ठेवायचा, मग वळवायचं, मग मागचा आणि चालू, दोन्ही पॉइंटर (नोडचा पत्ता धरणारी व्हेरिएबल) एक घर पुढे. लूप संपल्यावर परत काय द्यायचं? इथे मुलं फसतात. ‘चालू’ देतात, आणि तो तर तोवर नल, म्हणजे रिकामा, झालेला असतो. द्यायचा असतो ‘मागचा’. मग समोरचा विचारतो, यादी रिकामी असेल तर? एकच नोड असेल तर? पाठ केलेला मुलगा इथे अडखळतो, कागदावर तीन नोड काढून हाताने ड्राय रन केलेला अडखळत नाही.

या फेरीवर टीका पुष्कळ होते, रोजच्या कामात कोण लिस्ट उलटी करतं म्हणून. टीका खरी आहे. तरीही खान्देशातल्या मुलासाठी सगळ्या फेऱ्यांत मला हीच सर्वांत न्याय्य वाटते. लूप बरोबर चालला की चालला. कॉलेज कुठलं, इंग्रजीचा हेल कसा, याचा त्याला फरक पडत नाही. शिवाय तयारीची साधनं गावापर्यंत पोचलीत. सरावाच्या वेबसाइट्स आल्या: २००९ च्या सुमारास गीक्स फॉर गीक्स सुरू झालं, २०१२ मध्ये हॅकररँक, पुढे लीटकोड. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला, तेव्हा हिंदीतून डीएसए शिकवणारे यूट्यूब चॅनेल यावल-रावेरच्या केळीच्या बागांत बसून बघता येऊ लागले. त्याआधी हेच शिकायला पुण्यात रूम घेऊन क्लास लावावा लागायचा.

एचआर फेरी आणि ग्रुप डिस्कशन यांचं मूळ ग्राहकात आहे. काम अमेरिका-युरोपचं, फोनवर बोलायचं इंग्रजीत, म्हणून बोलणं तपासायचं. कारण समजण्यासारखं आहे. पण घरी अहिराणी किंवा लेवा गणबोली, वर्गात मराठी आणि इंग्रजी फक्त पुस्तकात, अशा मुलाला ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ला उत्तर देताना मनात भाषांतर करत बसावं लागतं, आणि त्या विरामाला आत्मविश्वासाची कमी समजतात. टेक्निकलला झकास बोललेली मुलं इथे गप्प होतात. ‘कुठेही जायला तयार आहात का?’ या प्रश्नाला खान्देशी मुलगा पटकन हो म्हणतो, घर सोडणं त्याने धरलेलंच असतं. मुलीच्या बाबतीत त्या हो-मागे घरातली बरीच बोलणी असतात. हॉस्टेल कुठे, सोबत कोण, शिफ्ट रात्रीची तर नाही ना. ऑफर हातात पडून घरच्यांनी न पाठवलेल्या मुली प्रत्येक कॉलेजच्या प्लेसमेंट सेलला माहीत असतात.

जास्त पगाराच्या कंपन्या लहान शहरांतल्या कॉलेजांत क्वचितच येत. मग नाशिक-पुण्याच्या एखाद्या कॉलेजात पूल कॅम्पस, म्हणजे अनेक कॉलेजांच्या मुलांची एकत्र भरती. रात्री महाराष्ट्र एक्सप्रेस किंवा ट्रॅव्हल्स, पहाटे स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये तोंड धुऊन इस्त्रीचा शर्ट घालायचा, सकाळी अ‍ॅप्टी. अकराला यादी लागली आणि नाव नसलं की दुपारी परत. २०१८ मध्ये टीसीएसने नॅशनल क्वालिफायर टेस्ट आणली, तेव्हा कॉलेजच्या नावाचा हा अडसर बराच कमी झाला. एकच ऑनलाइन परीक्षा, देशातल्या कुठल्याही कॉलेजातून. २०२० च्या लॉकडाउनने मुलाखतीही व्हिडिओवर आणल्या. रेंजसाठी गच्चीवर चढणं, लाइट जाईल म्हणून शेजाऱ्याचा इन्व्हर्टर मागून ठेवणं, हे सगळं झालं. पण प्रवासाचा खर्च शून्यावर आला, आणि पुढच्या दोन वर्षांत भरतीही जोरात झाली. नंतर ती आटली. हातात ऑफर लेटर असून जॉइनिंगची तारीख येत नाही, असे महिने २०२२ च्या बॅचने काढले.

३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं आणि ऑनलाइन परीक्षेचा पायाच हलला. लिस्ट उलटी करणारा कोड ते क्षणात लिहून देतं. म्हणून कॅमेऱ्याची पाळत, डोळे स्क्रीनबाहेर गेले की इशारा, टॅब बदलला की परीक्षा बंद. समोरासमोरच्या मुलाखतीही परत येऊ लागल्या आहेत; किमान एक फेरी प्रत्यक्ष घेण्याचं गूगलच्या सुंदर पिचाई यांनी २०२५ मध्ये सांगितलं.

कंपन्यांची अडचण खोटी नाही. पण त्या एका फेरीसाठी पुण्याचा फेरा पुन्हा मुलांच्याच खिशावर येणार असेल, तर इथल्या कॉलेजांनी आत्ताच एकत्र येऊन कंपन्यांशी बोलायला हवं. विद्यापीठ जळगावात आहे, लॅब आहेत, जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी रेल्वे आहे. मुलाखत घेणारी चार माणसं रात्रीच्या गाडीने इकडे येऊ शकतात, आणि दोन दिवसांत तिन्ही जिल्ह्यांतली मुलं भेटू शकतात.