क्रॉसबाइट (उलट चावा), बालवयातील

वरच्या दातांची कमान खालच्या कमानीवर डब्याच्या झाकणासारखी बाहेरून बसते. काही दात याउलट खालच्या दातांच्या आत बसत असतील, तर त्या ठेवणीला क्रॉसबाइट म्हणतात. पुढच्या दातांचा व दाढांचा असे त्याचे प्रकार आहेत. जबड्याच्या सांध्याशी संबंध जोडला जातो तो मुख्यतः एका बाजूच्या दाढांच्या क्रॉसबाइटचा.

दोष एका बाजूला दिसला तरी मूळ बहुधा दोन्हीकडे असते. टाळू अरुंद राहिल्याने दाढा टोकाला टोक भिडतात आणि चावता यावे म्हणून मूल खालचा जबडा एका अंगाला सरकवते. लेकराला समोर बसवून तोंड हळूहळू मिटायला सांगावे. तोंड उघडे असताना खालच्या पटाशीच्या दातांमधली रेघ नाकाच्या रेषेत असते. दात टेकले की ती हनुवटीसह बाजूला जाते. त्याच वेळी कानापुढच्या सांध्यात सरकलेल्या बाजूचे हाड वर-मागे बसते, दुसऱ्या बाजूचे खाली-पुढे ओढले जाते. अंगठा चोखणे, तोंडाने श्वास घेणे, किडीमुळे दुधाच्या दाढा लवकर जाणे व आनुवंशिकता ही कारणे सांगितली जातात.

या सरकण्याने सांधा दुखू लागतो काय, याबद्दल मतभेद आहेत. सेंट लुईसचे कान-नाक-घसातज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी 1934 मध्ये कानाच्या तक्रारींचा संबंध बिघडलेल्या चाव्याशी व सांध्याशी जोडला. त्यांचे शारीररचनेचे स्पष्टीकरण पुढे टिकले नाही, कल्पना मात्र टिकली. मुलांवरील नंतरच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. क्रॉसबाइट असलेल्या अनेक मुलांचा सांधा कधीच दुखत नाही. त्यामुळे वेदनेपेक्षा वाढत्या वयात जबडा असमान वाढण्याची शक्यता हे उपचाराचे कारण मानणारे मत अधिक ग्राह्य वाटते.

टाळू रुंदावण्याच्या उपचाराचा आरंभ बहुधा एमर्सन अँजेल यांच्या 1860 मधील लेखापासून धरतात. सुमारे 14 वर्षांच्या मुलीच्या तोंडात स्क्रू बसवून टाळूची मधली शिवण (दोन हाडांचा जोड) उघडल्याचा त्यांचा दावा समकालीनांनी नाकारला. क्ष-किरणांचा शोध 1895 चा, त्यामुळे त्या वेळी तो तपासणेही शक्य नव्हते. 1961 मध्ये अँड्र्यू हास यांच्या कामाने ही पद्धत पुन्हा रूढ झाली. वयात येण्यापूर्वी शिवण सहज उघडते, नंतर अवघड होत जाते.

विदर्भाच्या खेड्यांत हे वय बहुधा नजरेआड जाते, कारण मूल तक्रार करत नाही. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळांत वर्षातून एकदा व अंगणवाड्यांत दोनदा तपासणी ठरलेली आहे. तेव्हा वरील साधी परीक्षा अर्ध्या मिनिटात होते. तोंडच कमी उघडत असेल तर मात्र क्रॉसबाइटवर थांबू नये. हनुवटीवर पडल्याचा किंवा कान वाहण्याचा पूर्वेतिहास विचारावा, कारण दोन्हींतून सांधा जखडू शकतो. मोठ्या मुलांत खर्ऱ्याचीही (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाची) चौकशी करावी. सुपारीने गालाचे अस्तर ताठ होते.

उपचारात पालक घरीच किल्लीने स्क्रू फिरवतात; एका पाव फेऱ्याने तो सुमारे 0.25 मिमी उघडतो. काही दिवसांत पटाशीच्या दोन दातांमध्ये फट पडते. ती पाहून घरचे घाबरतात, पण शिवण उघडल्याचीच ती खूण असते. फट बहुधा आपोआप मिटते. मधल्या जागेत नवे हाड भरेपर्यंत यंत्र काही महिने तसेच ठेवतात.