मुळाशी कुरळे, टोकाला सरळ

लातूरच्या क्लासेसच्या गल्ल्यांत किंवा संभाजीनगरच्या निराला बाजारात कुठल्याही पार्लरमध्ये अर्धा तास बसा. एखादी तरी मुलगी विचारतेच, "ताई, आता परत स्ट्रेट नाही करायचे. पण हे वरचं कसं झाकू?" हे 'वरचं' म्हणजे टाळूलगत आलेले बोटभर नवे केस. तिचे स्वतःचे, कुरळे. खालचे अजून गेल्या वर्षीच्या स्ट्रेटनिंगचे, खराट्यासारखे ताठ. ताईंकडे बहुतेक वेळा दोनच उत्तरं असतात, रूट टचअप (म्हणजे नव्या केसांनाही स्ट्रेटनिंग) किंवा केरॅटिन. मग मुलगी मोबाइल उघडते आणि तिथं तिला अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायका भेटतात, 'ट्रान्झिशन' (सरळ केलेले केस हळूहळू कापत आपले केस वाढू देणं) आणि 'बिग चॉप' (सरळ केलेलं सगळं एकदम कापून टाकणं) हे शब्द घेऊन. सल्ला मनापासून दिलेला असतो. पण त्यांच्या डोक्यावर जे रसायन पडलं, ते आपल्याकडे बहुधा पडलेलंच नसतं. निम्मा घोटाळा इथं होतो.

तिकडचा रिलॅक्सर, म्हणजे केस सरळ करणारं मलम, शंभर वर्षांहून जुना. क्लीव्हलँडचे गॅरेट मॉर्गन शिलाई मशिनच्या दुरुस्तीत मुरलेले. वेगानं चालणारी सुई तापून लोकरीचं कापड करपायचं, त्यावर ते एक द्रव करून पाहत होते. हात पुसलेल्या फडक्याचे तंतू सरळ झालेले दिसले, मग शेजाऱ्याच्या कुत्र्यावर आणि शेवटी स्वतःच्या केसांवर प्रयोग झाला, असं सांगतात. १९१३ साली त्यांनी केस सरळ करणाऱ्या मलमाची कंपनीच काढली. (याच मॉर्गन यांनी १९२३मध्ये वाहतूक सिग्नलचं पेटंट घेतलं. डोकं कुठंही चालायचं माणसाचं.) पुढं पुरुषांमध्ये 'कॉंक' आला. कॉस्टिक सोडा, अंडी आणि बटाटा घरीच कालवून डोक्याला थापायचे. कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स यांनी आपल्या आत्मकथनात डोक्याची कशी आग झाली होती ते लिहिलं आहे, आणि नंतर आपण हे का केलं याची वाटलेली लाजही. १९५४मध्ये जॉर्ज जॉन्सन यांनी शिकागोत सुरू केलेल्या कंपनीनं असली उत्पादनं घराघरांत नेली. १९७१मध्ये ती अमेरिकन स्टॉक एक्स्चेंजवर गेली. कृष्णवर्णीयांच्या मालकीची तिथवर पोचलेली ती पहिली कंपनी.

म्हणजे जे मलम डोकं भाजत होतं, त्यानंच समाजात उद्योजकही घडवले. हा इतिहास एका रंगाचा नाही. गुलामगिरीतून सुटलेल्या माणसाला गोऱ्या साहेबाकडे नोकरी मागायला जाताना स्वतःचे केस आडवे येत होते, हे त्याच्या तळाशी आहे. साठच्या दशकात कार्यकर्त्या अँजेला डेव्हिस यांच्या पिढीनं ॲफ्रो, म्हणजे कुरळ्या केसांचा गोल फुलोरा, मिरवला, नंतर रिलॅक्सर परत आला, २००० नंतर इंटरनेटवर तो सोडणाऱ्यांची लाट उठली. केसांच्या नैसर्गिक ठेवणीवरून शाळेत किंवा नोकरीत भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा कॅलिफोर्नियानं २०१९मध्ये केला. 'ट्रान्झिशन' हा शब्द एवढं सगळं पाठीवर घेऊन आपल्या मोबाइलवर येतो.

आता रसायन. केसातल्या प्रथिनांच्या साखळ्या एकमेकींना गंधकाच्या जोडीनं बांधलेल्या असतात आणि केसाचं वळण त्या गाठींनी धरलेलं असतं. साबण करताना वापरतात तो कॉस्टिक सोडा म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. ते ही गाठ तोडून तिच्या जागी एकाच गंधकाचा पक्का टाका घालतं. तो पुन्हा उसवत नाही.

आपल्याकडच्या रिबॉन्डिंगचं, म्हणजे पार्लरमधल्या स्ट्रेटनिंगचं, घराणं वेगळं. त्यातलं थायोग्लायकोलेट बाजारात आलं ते सरळ केस कुरळे करायला! १९३०-४०च्या दशकांत पाश्चात्त्य बायकांना लाटा हव्या होत्या, त्यासाठी निघालेल्या 'कोल्ड वेव्ह'चं हे औषध. गाठी सोडवायच्या, केस रिळावर गुंडाळायचे आणि हायड्रोजन पेरॉक्साइडनं गाठी परत मारायच्या. १९९०च्या दशकात जपानमध्ये हेच उलटं झालं. रिळाऐवजी तापलेली इस्त्री आली आणि केस पट्टीसारखे सपाट. तिथून ते आशियाभर पसरलं, मुंबई-पुण्यात आलं आणि चार-पाच वर्षांच्या अंतरानं आमच्याकडे पोचलं.

त्याआधी इस्त्री होतीच, कपड्यांची. माझ्या आत्याच्या घरी, परभणीला, लग्नाच्या आदल्या रात्री मुली पाटावर डोकं ठेवून, केसांवर सुती टॉवेल टाकून एकमेकींना इस्त्री करत. करपल्याचा वास आला की आज्जी स्वयंपाकघरातून ओरडायची, "काय चाळे करायल्यात गं केसांचे?"

ही दोन घराणी एका केसावर चालत नाहीत. थायोग्लायकोलेट झालेल्या केसांवर हायड्रॉक्साइडचा रिलॅक्सर लावला, किंवा उलट केलं, तर केस हातात येतात. म्हणून बाहेरून मागवलेली डबी 'नॅचरल' लिहिलेली आहे म्हणून उघडण्यापूर्वी आपल्या डोक्यावर आधी काय झालंय ते पार्लरला विचारायला हवं. पावतीवर 'स्मूदनिंग' एवढंच असतं, आणि त्या शब्दाला तसा काही अर्थ नाही.

तिसरं प्रकरण केरॅटिनचं. २०००च्या दशकात ब्राझीलमधून निघालेलं. प्रथिनं भरतात म्हणून ते औषधासारखं वाटतं, पण केस सरळ धरून ठेवायचं काम अनेक उत्पादनांत फॉर्मल्डिहाइड करायचं. अकरावीच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत बेडूक ज्या बाटलीत तरंगायचा, तो वास. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४मध्ये त्याला माणसाला निश्चित कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं, आणि २०११मध्ये अमेरिकेच्या कामगार सुरक्षा विभागानं सलूनसाठी धोक्याचा इशारा काढला. मग 'फॉर्मल्डिहाइड फ्री' आलं, त्यात ग्लायॉक्झिलिक आम्ल. ते वापरल्यावर मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आल्या. २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नोंदीतल्या २६ वर्षांच्या तरुणीला तर तीनदा उपचारानंतर तीनदा तो त्रास झाला. पार्लरमधल्या 'हेअर बोटॉक्स' नावाच्या उपचारात बोटॉक्स नसतं, हे जाता जाता सांगून टाकते.

२०२२च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या ३३,४९७ बायकांचा सुमारे ११ वर्षं मागोवा घेणारा अभ्यास आला. केस सरळ करणारी उत्पादनं कधीच न वापरलेल्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण १.६४ टक्के निघालं, तर वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. तिथल्या रिलॅक्सर वापरणाऱ्यांची ही आकडेवारी इथल्या वर्षातून एकदा रिबॉन्डिंग करणारीला जशीच्या तशी लावता येत नाही. पण घाबरवणाऱ्या रील्समध्ये तेच केलं जातं, तेव्हा हे वेगळं ठेवलेलं बरं.

मग मराठवाड्यात कुरळ्या केसांवर राग कुठून आला? अजिंठा-वेरूळच्या बुद्धमूर्तींच्या डोक्यावर बारीक वळ्यांच्या रांगा कोरल्यात, शिल्पकाराला त्यात उणं दिसलं नव्हतं. आपली भाषा मात्र सरळ केसांच्या बाजूची. 'लांबसडक' हा एकच शब्द बघा, त्यात वळणाला जागाच नाही. स्थळाला पाठवायच्या बायोडाट्यातल्या फोटोत वेणी पुढं घेतलेली असायची, ती उगाच नव्हे. कुरळे म्हटलं की शाळेत 'मॅगी', घरी 'झिपऱ्या' आणि 'झिंज्या'. आमच्याकडे अमेरिकेसारखी केसांमुळे कोणी नोकरी नाकारत नव्हतं. आमचा जाच आरशापुढचा, शाळेच्या रांगेतला आणि पाहुण्यांसमोरचा होता. दोन्ही वजनं सारखी मानणं मला पटत नाही.

त्यातच जटेची भीती. गुंता राहिला, केस चिकटले, की जट धरते. जट आली म्हणजे देवीचं बोलावणं, ती कापायची नाही, अशी रूढी आमच्या भागात घट्ट होती. कितीतरी बायकांनी डोक्यावर ते ओझं आयुष्यभर वाहिलं. त्यामुळं आज्जीच्या हातातली फणी माया आणि भीती दोन्हींनी चालायची. कुरळे केस कोरडे असताना फणीनं विंचरले की फुगतात आणि तुटतात, मग अजून तेल, अजून घट्ट वेणी. दहावीपर्यंत दोन लाल रिबिनींत माझे केस नेमके कसे आहेत हे मलाच कळलं नव्हतं.

आणि पाणी. बोअरचं पाणी बादलीच्या काठावर पांढरा थर धरतं, साबणाला फेस येत नाही, केसांवर चिकट राप बसतो. शिकेकाई-रिठ्यातल्या फेसाळ द्रव्यांना या जड पाण्याची तशी अडचण होत नाही. आज्जीला रसायनशास्त्र नव्हतं, पण रिठे भिजत घालायची तेव्हा ती बरोबर होती. एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. त्या वर्षी हॉस्टेलवर डोकं धुणं म्हणजे चैन होती. रिबॉन्डिंगनंतर तीन दिवस केसांना पाणी लावायचं नाही, ही अट आम्हा मुलींना अट वाटलीच नाही. सरळ केस कमी पाण्यात, कमी वेळात आवरतात. लातूरला नीटच्या तयारीला आलेल्या मुलीला हे कारण पुरेसं होतं, सौंदर्याची चर्चा नंतर.

परतीची सुरुवात ठरवून झाली असं फार कमी जणी सांगतील. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली, महाराष्ट्रातली सलून-पार्लर जूनच्या २८ तारखेपर्यंत बंद राहिली. तीन महिन्यांत तीन-साडेतीन सेंटिमीटर केस वाढतात. तेवढ्यात पहिलं वळण दिसतं. माझंही तेव्हाच दिसलं, वयाच्या तिशीत. मी आईला विचारलं, हे असेच होते का लहानपणी? तिला आठवेना. तेलात बुडवलेले असायचे, ती म्हणाली.

पुढचं गणित साधं आणि चिवट आहे. सरळ झालेला केस कशानंच पुन्हा कुरळा होत नाही. मुळातून येणारा नवा केसच काय तो आपला. वर्षाला बारा ते पंधरा सेंटिमीटर धरले, तर खांद्याखाली जाणाऱ्या चाळीस सेंटिमीटर केसांना तीन वर्षं लागतात. या काळात एकाच केसाचे दोन स्वभाव असतात आणि जिथं ते जुळतात तिथं तो सगळ्यात कच्चा असतो. ओल्यात, मोठ्या दातांच्या फणीनं, टोकापासून वर असं विंचरायचं ते यासाठी. एकदम सगळं कापणारी शहाणी की दर दोन महिन्यांनी दोन बोटं कापणारी, हा वाद इंटरनेटवर संपत नाही. ज्या घरात सुनेनं केस कापले की सासूबाई दोन दिवस बोलत नाहीत, तिथं तो वाद आपोआप सुटलेला असतो.

परदेशी सल्ल्यातलं सगळं इथं चालत नाही. शाम्पू टाळून नुसत्या कंडिशनरनं धुवायचं ठरवलं तर मराठवाड्यातली धूळ, खोबरेल आणि बोअरचं पाणी मिळून तिसऱ्या आठवड्यात डोक्यावर काय जमतं ते मी भोगलंय. पण एक गोष्ट मात्र घरातच निघाली. ज्या 'फ्लॅक्ससीड जेल'ची बाटली ऑनलाइन महाग मिळते, ते म्हणजे आपलं जवस. चटणीसाठी डब्यात असतंच. मूठभर जवस दोन पेले पाण्यात उकळायचं, बुळबुळीत धार सुटली की गरम असतानाच जुन्या सुती पातळाच्या तुकड्यातून पिळून घ्यायचं, कारण गार झालं की कापडातून उतरत नाही. ओल्या केसांना लावून मुठीत दाबत वर न्यायचं. आईनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती म्हणाली, चटणीला ठेवलंस का थोडं?