मीटर बदललेला की मीटर मागे केलेला?

जुनी गाडी विकणारा ‘मीटर बदललाय’ म्हणाला की निम्मे लोक तिथूनच मागे फिरतात. आणि हेच लोक पुढच्या रविवारी एखाद्या यार्डात जातात, शोरूमच्या सर्व्हिस रेकॉर्डशी आकडा जुळतोय म्हणून खूश होतात आणि मीटर मागे केलेली गाडी पेढे वाटत घरी आणतात. नात्यातल्या, ओळखीतल्या लोकांबरोबर जुन्या गाड्या बघत हिंडण्यात माझे बरेच रविवार गेलेत. हा घोळ इतक्यांदा पाहिलाय की आता एकदाचं लिहूनच टाकतो.

मीटर मागे करणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. एक लाख चाळीस हजार किलोमीटर चाललेली गाडी साठ हजारांची म्हणून विकायची. पूर्वी आकड्यांची चाकं उलटी फिरवावी लागत. आता डिजिटल मीटरचा आकडा एका छोट्या मेमरी चिपमध्ये असतो. मीटर उघडून ती चिप नव्याने लिहायची, किंवा काही गाड्यांत स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (गाडीची तपासणी करायचं सॉकेट) यंत्र जोडायचं, झालं काम. ‘डिजिटल आहे हो, यात काही करता येत नाही’ असं मला अजूनही लोक सांगतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

मीटर बदलणं म्हणजे स्पीड, आरपीएम, इंधनाचा काटा असं सगळं असलेला अख्खा क्लस्टर बदलणं. डिस्प्ले जातो, आतलं सर्किट जळतं, उंदीर वायरी कुरतडतात. भाग निकामी झाला, नवा टाकला. दोन्हीकडे परिणाम एकच दिसतो: मीटरवरचा आकडा गाडी खरोखर चालली त्यापेक्षा कमी. गोंधळ इथेच सुरू होतो.

साताऱ्याच्या माझ्या मामांची गोष्ट घ्या. त्यांची २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक. २०२१ च्या पावसाळ्यात डिस्प्ले पुसट व्हायला लागला. पार जायच्या आत त्यांनी क्लस्टर बदलून घेतला. काही गाड्यांत नव्या क्लस्टरमध्ये जुना आकडा टाकून देता येतो. यांच्या गाडीचा शून्यापासून सुरू झाला. मामा तलाठी म्हणून निवृत्त झालेले, कागदाला पक्के. बिलावर लिहून घेतलं, ‘जुना मीटर ७१,८४६, नवीन ०’, खाली तारीख आणि शिक्का. गाडी विकायला काढली तेव्हा मीटर २२,३०० दाखवत होता. मामांनी जाहिरातीत सरळ लिहिलं: ९४ हजार किलोमीटर, मीटर बदललेला, बिल आहे. बघायला आलेल्या एकाने तोंडावर सांगितलं, ‘काका, मीटरमध्ये गडबड केलीय तुम्ही.’ अहो, ज्याला फसवायचंय तो मीटर बावीस दाखवत असताना चौऱ्याण्णव कशाला सांगेल?

अमेरिकेच्या कायद्यात हा फरक स्पष्ट केलेला आहे. तिथे मीटर मागे करणं हा गुन्हा. पण दुरुस्ती करताना जुना आकडा ठेवणं शक्यच नसेल, तर मीटर शून्यावर आणायचा आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराच्या चौकटीवर लेखी पट्टी लावायची. आधीचा आकडा किती होता आणि काम कोणत्या तारखेला झालं, हे त्यावर लिहायचं. ती पट्टी खरवडून काढणं हाही गुन्हाच. आपल्याकडे पट्टीची पद्धत नाही, त्यामुळे बिल हीच पट्टी. मीटर बदलला म्हणतोय आणि बिल नाही, किंवा बिल आहे पण त्यावर जुना आकडा नाही, तर ती गाडी माझ्यासाठी मागे केलेलीच. कुणाच्या डोळ्यांतली सच्चाई वगैरे मी बघत नाही.

आता ज्या जागी बहुतेक जण घसरतात, तिकडे येतो. लोकांच्या डोक्यात असं पक्कं बसलंय की मीटर मागे केला की रेकॉर्डमध्ये आकडा खाली आलेला दिसणारच. २०१९ ला ऐंशी हजार आणि आज पंचावन्न, पकडला चोर! एवढं कच्चं काम करणारे आता क्वचित भेटतात. मुरलेला माणूस आधी शोरूमचं रेकॉर्ड काढतो, शेवटची नोंद बघतो आणि मीटर त्या नोंदीच्या थोडा *वर* आणून ठेवतो. मग रेकॉर्डमध्ये उतार कुठेच नाही. आकडे चढते, नोंद शोरूमची, शिक्का खरा. उलट मामांच्या रेकॉर्डमध्ये ७१ हजारांनंतर एकदम शून्य. बघणाऱ्याला प्रामाणिक गाडीचा कागद बरबटलेला वाटतो आणि लबाड गाडीचा स्वच्छ.

मावसभावासाठी पिंपरी-चिंचवडकडच्या एका यार्डात अशीच एक गाडी पाहिली. २०१६ ची डिझेल सेदान, फर्स्ट ओनर. शोरूमच्या नोंदी अशा: जानेवारी २०१७ ला १६,१००, जानेवारी २०१८ ला ३३,४००, फेब्रुवारी २०१९ ला ५१,२००, फेब्रुवारी २०२० ला ६७,९००. पुढे काही नाही. आम्ही गेलो २०२४ च्या ऑक्टोबरात, तेव्हा मीटर ७४,२००. भाऊ हरखला, ‘बघ, सगळं जुळतंय!’ मी म्हटलं, वर्षाला सतरा हजार पळणारी गाडी पुढच्या साडेचार वर्षांत सहा हजार चालली? यार्डवाला तयारच होता: ‘साहेब, लॉकडाउन, मग वर्क फ्रॉम होम. गाडी उभीच होती.’

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. रेकॉर्ड थांबणं हा काही पुरावा नाही. वॉरंटी संपल्यावर माझीही गाडी शोरूमला जात नाही, कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये जाते. म्हणून त्या रिकाम्या वर्षांतला एखादा तरी दुवा शोधायचा. मी टायरजवळ उकिडवा बसलो. टायरच्या कडेला चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. चारही टायरवर ३१२२. म्हणजे २०२२ चा एकतिसावा आठवडा, ऑगस्टची सुरुवात. आणि खाचा इतक्या झिजलेल्या की त्यांच्यातले झीज दाखवणारे उंचवटे रबराच्या बरोबरीने आलेले. उभ्या गाडीचे टायर तडकतात, असे घासत नाहीत. एवढं घासायला तीसेक हजार तरी लागतात. ‘मालकाने जुने टायर टाकले असतील,’ यार्डवाला म्हणाला. चारही? एकाच आठवड्याचे? त्यावर त्याने आम्हाला दुसरी गाडी दाखवायला घेतली.

रिकाम्या वर्षांसाठी टायरइतकाच उपयोगी म्हणजे फास्टॅगचा हिशेब. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा आहे. मालक खरा असेल तर मोबाइलवर स्टेटमेंट उघडून दाखवायला त्याला दोन मिनिटं लागतात. आठवड्याला दोनदा तळेगाव आणि खालापूर हे मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवरचे टोलनाके दिसले, तर ‘गाडी उभीच होती’ हे विसरा. मध्ये विमा खंडित होऊन पुन्हा काढला असेल, तर तेव्हाच्या तपासणीत मीटरचा फोटो घेतलेला असतो. अपघाताचा क्लेम झाला असेल तर सर्व्हेअरच्या अहवालात किलोमीटर असतात. गॅरेजचं ऑइल बदलल्याचं मळकं बिलसुद्धा चालतं. मला तर ते छापील रेकॉर्डपेक्षा जास्त आवडतं.

स्कॅनरचाही एक छोटा घोळ आहे. पाचशे-हजारांचा ओबीडी स्कॅनर लावून मोबाइल अ‍ॅपवर लोक ‘फॉल्ट कोड (गाडीने नोंदवलेले बिघाड) पुसल्यापासूनचं अंतर’ बघतात आणि तेच गाडीचं खरं रनिंग समजतात. ते एकूण अंतर नाही. शेवटचे कोड पुसले तेव्हापासूनचं आहे, आणि तो आकडा ६५,५३५ च्या वर जातच नाही. कमी दिसला तर त्यातून काहीच कळत नाही. पण तोच आकडा मीटरपेक्षा *जास्त* निघाला आणि मीटर बदलल्याचं बिल नसेल, तर खुशाल चावी परत द्या. बिल असेल तर तो जास्त निघूही शकतो, कारण कोड इंजिनाच्या ईसीयूत, म्हणजे त्याच्या कॉम्प्युटरमध्ये राहतात, क्लस्टरमध्ये नाही.

बाकी पेडलचं रबर, स्टिअरिंगची चकाकी, ड्रायव्हर सीटची दबलेली कड हे सगळ्यांना माहीत असतं, यार्डवाल्यालाही. पेडलची रबरं किरकोळ किमतीत मिळतात. पन्नास हजार किलोमीटरच्या गाडीला कोरं करकरीत पेडल रबर आणि नवं सीट कव्हर दिसलं, तर झिजलेल्यापेक्षा मला त्याचीच जास्त शंका येते. आणि ‘डॉक्टरांची गाडी’ हे शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं. डॉक्टर काय चालत जातात?

कायद्याचं थोडक्यात. मीटर मागे करून गाडी विकणं ही फसवणूक. पूर्वीचं ४२० कलम आता भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे. गाडी व्यापाऱ्याकडून घेतली असेल तर ग्राहक आयोगाचाही रस्ता आहे. घरगुती मालकाकडून घेतली तर तो रस्ता सहसा चालत नाही, कारण तो व्यापारी नव्हे. म्हणून घरगुती व्यवहारात विक्रीच्या कागदावर मीटरचा आकडा आणि ‘मीटर बदललेला नाही’ किंवा ‘अमुक तारखेला बदलला’ हे वाक्य लिहून सही घ्या. सही करताना चुळबुळ झाली तर गाडी सोडा.

भाव ठरवताना मात्र मीटर बदललेल्या गाडीचा जुना आणि नवा आकडा मिळवून, तेवढ्या रनिंगचाच भाव द्यावा. ‘मीटर बदललाय’ म्हणून आणखी वीस हजार पाडून मागणाऱ्यांचा मला राग येतो. खरं बोलल्याचा दंड तो. मामांची गाडी शेवटी कऱ्हाडच्या एका शाळामास्तरांनी ९४ हजारांचं रनिंग धरूनच घेतली. बिलाची झेरॉक्स त्यांनी लॅमिनेट करून दाराच्या आतल्या कप्प्यात ठेवलीय. मूळ बिल द्यायला मामा तयार नव्हते.